स्विस के-३१ घ्यायची म्हणतोय, पण घेतल्यावर पोसायची कशी?

ओहायोतला_बाळू:
नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, सध्या कोलंबसला. बंदुकांच्या बाबतीत पूर्ण नवखा आहे, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या. गेल्या महिन्यात ऑफिसमधला एक जण रेंजवर घेऊन गेला, त्याच्याकडे चार-पाच जुन्या लष्करी रायफली आहेत, त्यातली एक स्विस के-३१ त्याने माझ्या हातात दिली आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. बाकीच्या बोल्टच्या रायफलीला कसं, दाराची कडी उचलून मागे ओढतो तसं आधी उचला मग ओढा, मग ढकला मग परत खाली पाडा. हिला तसलं काही नाही, नुसतं सरळ मागे आणि सरळ पुढे, खट-खट. खांद्यावरून रायफल हलत पण नाही. सहा गोळ्या झाडल्या आणि १०० यार्डावर पाच तरी एका मोसंब्यात बसतील एवढ्यात पडल्या, आणि मी म्हणजे ज्याला जत्रेत फुगे पण फुटायचे नाहीत तो माणूस.

तर आता इथल्या एका दुकानात एक आलीय, ६५० डॉलर म्हणतोय. पैसे आहेत. पण त्या ऑफिसवाल्यानेच सांगितलं की बंदूक घेणं सोपं, तिचं खाणं महाग, हिला लागणारी ७.५ बाय ५५ ची काडतुसं (गोळी ७.५ मिमीची, पितळ ५५ मिमी लांब) कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत आणि मिळाली तर २० चा बॉक्स २६ डॉलरला. म्हणजे महिन्यातून एकदा १०० गोळ्या झाडल्या तर १३० डॉलर, पाच महिन्यांत बंदुकीएवढे पैसे गोळ्यांवर! घरी मी महिन्याला ५० डॉलर हा आकडा मंजूर करून घेतलाय आणि तो पण बऱ्याच वाटाघाटींनंतर. तर

६५० ठीक आहे का? बघताना काय बघायचं? काडतुसं स्वस्तात कशी पडतील, आणि घरी काडतुसं भरायचा उद्योग करावा का? ग्रीन कार्ड झालंय गेल्या वर्षी, ते आधीच सांगतो कारण कोणीतरी विचारणारच.


बार्शीकर_टेक्सास:
बाळू, ग्रीन कार्डचं आधी सांगितलंस ते बरं केलंस, कारण इथं वाचणारे निम्मे एच-१बी वर असतील. मंडळींनो, व्हिसावर असाल तर हंटिंग लायसन्ससारखा एखादा अपवाद लागू असल्याशिवाय बंदूक विकत घेणं तर सोडाच, बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच फेडरल गुन्हा आहे, मित्राने रेंजवर हातात दिली तरी. लोकांना हे माहीतच नसतं आणि फोटो काढून फेसबुकवर टाकतात. ग्रीन कार्डवाल्याला तो प्रश्न नाही, दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो, रायफल घेऊन घरी.

आता माल. माझ्याकडे २०१२ पासून एक आहे, तेव्हा ३०० ला घेतली होती आणि तेव्हा पण जुनी लोकं म्हणायची की अरे आम्ही शंभर-सव्वाशेला घ्यायचो, तू येडा झालास का. आज ६५० म्हणजे लुटलं नाही, स्वस्त पण नाही, नळी चांगली असेल तर घे.

नळीच सगळ्यात आधी बघायची. के-३१ १९३३ ते १९५८ बनल्या, पाच लाखांच्या वर, आणि स्विस सैनिक नळीची काळजी आपल्या आयांनी तांब्याच्या कळशीची घेतली तशी घ्यायचे, त्यामुळे शक्यतो आरसा असतो आत. दुकानदाराला बोल्ट काढायला सांग, मागून उजेड दाखव, आत काळे ठिपके किंवा खरखरीत दिसलं तर दुसरी बघ. मग तोंडाशी एक जीपी-११ काडतूस उलटं धरून गोळीचं टोक नळीत घाल. गोळी पार आत जाऊन पितळेचं तोंड नळीला टेकलं तर तोंड झिजलंय, मध्ये फट राहिली तर चांगलं. हे दुकानातच करायचं आणि दुकानदाराला विचारून, नाहीतर बंदुकीच्या दुकानात खिशातून काडतूस काढलंस तर काय होईल ते मी सांगायला नको.

नंबर बघ. बोल्टवर, बॉडीवर आणि मॅगझिनवर पण नंबर असतो, जुळले तर उत्तम. दस्ता अक्रोडाचा किंवा बीचचा असेल, दुसऱ्या महायुद्धानंतरचे बहुतेक बीचचे. खालच्या टोकाला लाकूड घुशीने कुरतडल्यासारखं दिसेल, जवळजवळ सगळ्यांचंच तसं असतं, बर्फात आणि दगडधोंड्यात आपटून. तेवढ्यावरून भाव पाडून मागायचा, पण त्याच्यामुळे सोडायची नाही.

आता खाण्याचं. जीपी-११ म्हणजे स्विस सैन्याचं स्वतःचं काडतूस, गोळी ११.३ ग्रॅमची, १७४ ग्रेन, के-३१ मधून सेकंदाला ७८० मीटरच्या आसपास. सरप्लस, म्हणजे लष्कराने काढून टाकलेला माल, म्हटलं की डोळ्यासमोर गंजलेला डबा येतो, हे तसलं नाही, लोक पैसे मोजून जे मॅच अॅमो (स्पर्धेची काडतुसं) घेतात त्याच्या पंगतीला बसेल. १० ची पुठ्ठ्याची खोकी, सहा खोकी मिळून ६० चं पाकीट, आठ पाकिटं मिळून ४८० ची पेटी. मी सुरू केलं तेव्हा राउंडला (एका काडतुसाला) ४०-५० सेंटला घेतलेलं आठवतंय, आता मिळालं तर डॉलर ते सव्वा डॉलर. आणि मिळालं तर हेच महत्त्वाचं, कारण नवीन माल क्वचित येतो आणि आला की दोन दिवसांत संपतो. म्हणून माझं म्हणणं, आधी ४८० ची पेटी शोध, मिळाली तर मग रायफल घे. लोक उलटं करतात आणि मग सहा महिने रायफल भिंतीवर.

एक गंमत सांगतो, माझी झालेली. पहिल्यांदा जीपी-११ घेऊन एका इनडोअर रेंजवर गेलो, काउंटरवरच्या पोराने काडतुसाला लोहचुंबक लावलं आणि टक्कन चिकटलं. म्हणाला स्टीलची गोळी चालत नाही, आमची मागची भिंत खराब होते. मी म्हटलं अरे आत शिसं आहे, वरचं नुसतं आवरण स्टीलचं आणि त्याच्यावर मुलामा आहे. ऐकेना. ४० मिनिटं गाडी हाणून गेलो होतो आणि तसाच परत. तेव्हा तू जाणार असशील त्या रेंजला आधी फोन करून विचार. पीपीयू म्हणजे सर्बियाची प्र्वी पार्टिझान, तिची गोळी चुंबकाला चिकटत नाही, ती बऱ्याच ठिकाणी चालते.


ओहायोतला_बाळू:
बापरे, चुंबकाचं माहीतच नव्हतं. धन्यवाद दादा. अजून एक, दुकानदार म्हणतो सी अँड आर लायसन्स काढलंस तर पुढच्या वेळी थेट घरी मागवता येईल. खरं का? आणि नळी .३०८ ची (इंचात) असते असं कुठंतरी वाचलं, मग .३०८ ची स्वस्त काडतुसं का नाही चालणार?


बार्शीकर_टेक्सास:
सी अँड आर खरं आहे, ५० वर्षांपेक्षा जुन्या बंदुकांसाठी कलेक्टरचं लायसन्स, तीन वर्षांचे ३० डॉलर. राज्याचे नियम वेगळे असतात, ओहायोत फार कटकट नाही, न्यू जर्सी कॅलिफोर्नियावाल्यांनी आपापलं बघावं. एकच घ्यायची असेल तर काढू नको. पण एकच कोणी घेत नाही हाहा.

दुसऱ्याचं उत्तर: नाही नाही नाही. गोळी .३०८ ची बसते, म्हणजे घरी भरताना तीच वापरतात, पण काडतूस वेगळं आहे, लांबी वेगळी, जाडी वेगळी. चप्पल दोघांची आठ नंबर म्हणून पायजमा पण एकच होत नाही. आणि अजून एक, फ्रेंचांचं पण ७.५ आहे, ७.५ बाय ५४, बॉक्सवर नीट वाचून घे, नाव सारखं दिसतं म्हणून उचलून आणलेले लोक बघितलेत.


पेठेतला_पाहुणा:
पेन्सिल्व्हेनियातून लिहितोय. घरी भरायच्या उद्योगाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण यूट्यूबवर सगळे सांगतात की रीलोडिंग करा पैसे वाचवा, आणि कोणीच कागदावर हिशोब मांडत नाही. मी मांडलाय, अकरा वर्षं करतोय.

पहिली गोष्ट, जीपी-११ ची रिकामी पितळं भरता येत नाहीत, म्हणजे येतात पण शहाण्या माणसाने त्यात पडू नये. ती बर्डन प्रायमरची असतात (प्रायमर म्हणजे तळाची, ठोकली की पेटणारी टिकली). साध्या पितळात तळाला मधोमध एक भोक असतं, त्यातून पिन घालून जुना प्रायमर ढकलून काढता येतो, बर्डनमध्ये मध्ये ऐरण असते आणि बाजूला दोन बारीक भोकं, पिन घातली की पिन मोडते. तेव्हा भरायचं असेल तर पीपीयू घ्यायची, झाडायची, आणि पितळं जमिनीवरून एकेक वेचायची. के-३१ रिकामं पितळ बऱ्यापैकी लांब फेकते, शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या कॉलरमध्ये गेलं की ते मागायची पण लाज वाटते.

आता माझा आत्ताचा भाव. प्रायमर ८ सेंट. पावडर ४५ डॉलर पौंड, एका पौंडात ७००० ग्रेन, त्यात या काडतुसाचे साधारण दीडशे भरतात, म्हणजे ३० सेंट. (किती ग्रेन ते मी इथं लिहिणार नाही, छापील मॅन्युअल घ्या आणि खालच्या आकड्यापासून सुरुवात करा, फोरमवरच्या अनोळखी माणसाच्या आकड्यावर तोंडासमोर स्फोट करू नका.) गोळी ४० सेंट. झाले ७८. पीपीयूचं नवीन काडतूस १.३० ला, म्हणजे राउंडमागे ५२ सेंट वाचले. प्रेस, डाय, तराजू, पितळं साफ करायचं मशीन, कापायचं यंत्र, सगळं साधं घेतलं तरी ४५० डॉलर. भागा. साडेआठशेच्या वर काडतुसं भरलीस की पहिला सेंट वाचेल. तुझ्या ५० डॉलर महिन्यात महिन्याला ४० झाडणार, म्हणजे पावणेदोन वर्षं लागतील नुसतं बरोबरीत यायला, आणि तोपर्यंत तू चार गोष्टी अजून विकत घेतलेल्या असशील, मला माहितीय ना.

आणि खरं सांगू का, कोणाचेच पैसे वाचत नाहीत. तेवढ्याच पैशात जास्त गोळ्या झाडल्या जातात एवढंच.

पण करायचंच असेल तर के-३१ च्या दोन खोड्या लक्षात ठेव. हिचं थ्रोट फार आखूड आहे, म्हणजे काडतूस बसतं त्याच्या पुढे लगेच नळीचे आटे सुरू होतात, त्यामुळे काही गोळ्या इतर रायफलीत बसतात तेवढ्या बाहेर ठेवल्या तर इथं आट्यात रुतून बसतात. मग रेंजवर काडतूस बाहेर काढायला गेलं की पितळ हातात आणि गोळी नळीत अडकलेली, आणि पावडर सगळी मॅगझिनमध्ये सांडलेली. झालंय. प्रत्येक नव्या गोळीसाठी आधी बिनपावडरचं, बिनप्रायमरचं एक काडतूस बनवून बसतं का बघायचं. दुसरी खोड म्हणजे बोल्ट सरळ ओढायचा असल्यामुळे चिकटलेलं पितळ सोडवायला जोर कमी मिळतो, साध्या बोल्टमध्ये कडी उचलतानाच पितळ जरा सुटतं, इथं ते नाही. म्हणून पितळ दरवेळी पूर्ण साइज करायचं, म्हणजे डायमध्ये दाबून मूळ मापाला आणायचं, नुसती मान नाही. नाहीतर बुटाने हँडल मारावं लागतं आणि ते बघायला रेंज ऑफिसर येतोच.

खरंच स्वस्त हवं असेल तर शिशाच्या ओतीव गोळ्या, कमी वेगाची भरणी. गोळी १५ सेंट, पावडर चिमूटभर ५ सेंट, प्रायमर ८, झालं २८ सेंटमध्ये. १०० यार्डाला मजा येते, खांदा पण दुखत नाही. पण पावडर इतकी थोडी असते की एवढ्या मोठ्या पितळात दोनदा पडली तरी वरून कळत नाही, आणि दोनदा पडली तर रायफल गेली आणि बोटं पण. मी ५० पितळं ट्रेमध्ये उभी करून टॉर्च मारून प्रत्येकात वाकून बघतो. बायको म्हणते देवघरात एवढा वेळ बसला असतास तर.


आरगाऊचा_अण्णा:
अरे वा, या विषयावर मराठीत धागा! मी स्वित्झर्लंडमध्ये, आरगाऊ कँटनमध्ये राहतो, नोकरी बाझलला. तुमच्या तिकडचे भाव वाचून वाईट वाटलं, इथं जीपी-११ क्लबात बरीच स्वस्त पडते कारण सरकार सबसिडी देतं. पण ती गोळी तिथंच झाडायची, उरलेली परत करायची, खिशात घालून घरी आणायची नाही. रेशनचं धान्य जसं दुकानात नेऊन विकायचं नाही तसं.

माझी सुरुवात सांगतो. सहकाऱ्याने विचारलं फेल्डशिसनला येतोस का. मला वाटलं काहीतरी गावजत्रा, आणि खरंच तशीच निघाली, फक्त जत्रेत ३०० मीटरवर नेम धरायचा. सगळ्या देशात एकाच वीकएंडच्या आसपास असतं, लाखभराच्या वर लोक येतात, भाग घ्यायला पैसे लागत नाहीत, गोळ्या पण तेच देतात. १८ गोळ्या, जास्तीत जास्त ७२ गुण. आधी सहा एकेक, मग एका मिनिटात तीन असं दोनदा, मग एका मिनिटात सहा. माझ्या शेजारच्या चटईवर सत्तरीच्या एक आजी के-३१ घेऊन पालथ्या पडलेल्या, चष्मा काढून बाजूला ठेवला, एकदा श्वास सोडला आणि सुरू. एका मिनिटात सहा म्हटल्यावर मी तिसऱ्यालाच घाबरून घोडा हिसकायला लागलो, आजींच्या मात्र पाचव्या आणि सहाव्या गोळीत नेमकं तेवढंच अंतर जेवढं पहिल्या दोनात. मला ५१ पडले. त्यांना किती ते विचारलं नाही, इज्जत होती तेवढी ठेवली. बाहेर ब्राटवुर्स्ट आणि बिअर.

विकत घ्यायचं म्हणाल तर साध्या बोल्टच्या रायफलीला इथं स्विस माणसाला परवाना लागत नाही, लेखी करार पुरतो, तो दहा वर्षं जपून ठेवायचा. आपल्याला मात्र सी परमिट (कायम राहण्याचा परवाना) येईपर्यंत परवाना पण लागतो आणि वर मायदेशाकडून पत्र की हा माणूस तिकडे बंदूक घेऊ शकतो. असलं पत्र आणायचं म्हणजे पत्रिका जुळवण्यापेक्षा अवघड, म्हणून मी सी परमिट होईपर्यंत क्लबची वापरली. मग घेतली.

स्वस्तात खाऊ घालायचा स्विस उपाय बाळू तुला सांगतो, तो म्हणजे कमी झाडणे. मी थट्टा नाही करत. आमच्या क्लबात कोणी १०० झाडत नाही. एका सरावाला २० फार तर ३०, प्रत्येक गोळीआधी पालथं पडून बूड नीट टेकवायचं, नेम, श्वास, घोडा, आणि मग स्क्रीनवर कुठं पडली ते बघून वहीत लिहायचं. तिकडे तुमच्याकडे मॅगझिन रिकामं करायची घाई असते असं व्हिडिओंवरून वाटतं. आणि घरी रिकाम्या बंदुकीने सराव, ती तर फुकट. आधी तीनदा बघायचं की रिकामी आहे, काडतुसं दुसऱ्या खोलीत. मागची गोल कडी मागे ओढून आडवी फिरवली की सेफ्टी, सरळ केली की तयार. बोल्ट दरवेळी उघडायची पण गरज नाही, तीच कडी मागे ओढली की परत कॉक होते.


शिकागोचा_भाऊ:
भाऊ मी काय म्हणतो, एवढे ६५० काऊन द्यायचे? परवा गन शोमध्ये एक स्विस बघितली, यापेक्षा लांब, देखणी, तीच सरळ ओढायची सिस्टम, ३५० ला देऊन राहिला होता. काडतूस पण तेच ७.५ म्हणे. घेऊन टाकू का?


बार्शीकर_टेक्सास:
थांब थांब. नीट बघ. मॅगझिन मोठं पोटासारखं खाली लोंबतंय का, १२ गोळ्यांचं? ती १८८९ ची श्मिट-रुबिन असेल तर जीपी-११ तिच्यात अजिबात घालायची नाही. तिचे बोल्ट अडकवणारे लॉक मागच्या बाजूला आहेत, ती जुन्या हलक्या दाबाच्या काडतुसासाठी बनवलेली. जीपी-११ कदाचित चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसायच्या जागेत, जाईल पण, आणि तिथंच घोळ. १८९६ ला त्यांनी लॉक पुढे घेतले, मग १९११ नंतर नव्या नळ्या बसवून ९६/११ केल्या, त्या, जी-११, के-११ आणि के-३१ ला जीपी-११ चालते. ९६/११ असेल आणि ३५० ला असेल तर मला पत्ता पाठव, मी विमानाने येतो.


शिकागोचा_भाऊ:
१२ गोळ्यांचंच मॅगझिन होतं भाऊ. वाचवलं तुम्ही. कॅलेंडर म्हणून भिंतीवर लावायला पण ३५० जास्तच झाले.


खडकी_बाजार:
तुमचं सगळ्यांचं चालू द्या, आम्ही इथं पुण्यात बसून वाचतो :) आमच्याकडे लायसन्सवर दोनच बंदुका, २०१९ पासून, आधी तीन होत्या, आणि वर्षाला काडतुसं किती घ्यायची ते पण लायसन्सवर लिहिलेलं. त्यामुळे आरगाऊच्या अण्णांचा कमी झाडायचा उपाय आमच्याकडे सक्तीचाच आहे.

पण एक विचारायचं होतं. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, त्याने एका जुन्या बाजारातून .३०३ ची (इंग्रजांच्या जुन्या रायफलीची) रिकामी पितळं आणली आणि फोटो पाठवला, तळाला के एफ असं ठोकलेलं. आमचे आजोबा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. ते आमचंच का?


बार्शीकर_टेक्सास:
तेच. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, इंग्रज खडकीला किर्की म्हणायचे. जुन्या .३०३ सोबत ती इथं अजून फिरतात. भावाला सांग पितळ फेकू नको, साल पण असेल शेजारी आकड्यात. आणि त्याच्याकडे न झाडलेली जिवंत काडतुसं असली तर जपून, जुन्या .३०३ चे प्रायमर कॉरोझिव्ह असतात, झाडल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुतली नाही तर आठवड्यात गंज. जीपी-११ ला हा त्रास नाही, म्हणून तर आम्ही आळशी लोक तिच्या प्रेमात.


खडकी_बाजार:
१९४३ आहे. आजोबा तेव्हा तिथंच होते. आईला फोटो दाखवला, ती बराच वेळ झूम करून बघत बसली.


पेठेतला_पाहुणा:
हे मात्र भारी. भावाला सांगा पॉलिश करू नका.


ओहायोतला_बाळू:
तीन आठवड्यांनी परत येतोय, अपडेट द्यायचं राहिलं होतं. बार्शीकर दादांचं ऐकून आधी काडतुसं शोधली. ऑफिसवाल्याला एका साइटवर ४८० ची पेटी दिसली, राउंडला १.०५ पडत होतं, आम्ही दोघांनी अर्धी अर्धी वाटून घेतली, माझ्या वाट्याला २४० आणि २५२ डॉलर. घरी सांगितलं की हे पुढच्या पाच महिन्यांचं एकदम. डी-मार्टमधून वर्षाचे गहू भरतात तसं. पटलं बहुतेक, निदान नंतर विषय निघाला नाही.

मग रायफल. ६५० वाल्या दुकानात गेलो, विचारून गोळीचं टोक तोंडाशी घालून बघितलं, बोटाच्या नखाएवढी फट राहिली. नळी आरसा. दस्ता बीचचा आणि खालून असा कुरतडलेला की मी ६०० म्हटलं, तो ६३० म्हटला, ६२० ला मिटलं. रेंजचं पण आधीच विचारलं. इनडोअरवाले नाही म्हणाले, बाहेर मातीचा बांध असलेली एक क्लबची रेंज आहे ती चालतं म्हणाली, चुंबक लावला पण नाही.

रीलोडिंग सध्या नाही. पाहुण्यांचा हिशोब दोनदा वाचला आणि यूट्यूबचे तीन चॅनल अनसबस्क्राइब केले. पण पीपीयूचे दोन बॉक्स घेतलेत आणि पितळं डब्यात ठेवतोय, का ठेवतोय ते विचारू नका.

आणि दादा, तुम्ही एक गोष्ट सांगितलीच नाही! ऑफिसवाला म्हणाला मागची लोखंडी पट्टी काढून बघितलीस का. गॅरेजमध्ये दोन स्क्रू काढले, मोठा स्क्रूड्रायव्हर लागला, घट्ट होते. पट्टी निघाली आणि आत लाकडाच्या खोबणीत घडी केलेला कागद, कडेने तेलाने पिवळा पडलेला, टाइपरायटरवर टाइप केलेला. नाव, जन्माचं साल १९२४, पलटण, आणि बर्नजवळच्या कुठल्यातरी गावाचा पत्ता. ज्याच्याकडे ही रायफल होती तो. बायको पण बघायला आली, फोनवर भाषांतर करून गावाचं नाव शोधलं, नकाशावर एक चर्च आणि आठ-दहा घरं दिसतात. ती म्हणाली हा तर माझ्या आजोबांच्या वयाचा. नाव इथं लिहीत नाही, घरचे कोणी असतील त्यांचे.


बार्शीकर_टेक्सास:
मुद्दाम नाही सांगितलं. माझ्या रायफलीत रिकामं निघालं होतं, आधीच कोणीतरी काढून घेतलेला. तू काय केलंस कागदाचं?


ओहायोतला_बाळू:
फोटो काढला आणि होता तसाच घडी करून परत आत ठेवला, स्क्रू बसवले. काल पहिल्यांदा नीट गेलो, अण्णांचं ऐकून वही नेली. २४ झाडल्या, पहिल्या दहा वर गेल्या, मग कळलं की टार्गेटवरच्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध नाही, बुडाशी नेम धरायचा. २१६ राहिल्या.


आरगाऊचा_अण्णा:
वहीत वारा पण लिहीत जा.